चार आण्यांचा सभासद

राजकीय पक्षांचा इतिहास आपल्याकडे बहुधा पुढाऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अधिवेशन कोठे भरले, अध्यक्षपद कोणी भूषविले, ठराव कोणी मांडला आणि त्यास विरोध कोणी केला, एवढे सांगून झाले की इतिहास सांगून झाला असे आपण समजतो. पण ज्या माणसाने वर्षाकाठी चार आणे मोजून पक्षाची पावती घेतली, त्याला पक्षाच्या कारभारात नेमका काय अधिकार होता, तो त्याला कोणी दिला, त्याने तो कसा वापरला आणि पुढे तो त्याच्या हातून कसा गेला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत व्याख्यानात आम्ही तोच प्रश्न विचारणार आहोत.

उदाहरणादाखल आम्ही काँग्रेस ही संस्था घेतली आहे. त्या पक्षाची स्तुती करावी किंवा त्याच्यावर टीका करावी, हा आमचा हेतू नाही. खेड्यातील सभासदापासून अखिल भारतीय कमिटीपर्यंत एकावर एक रचलेली, निवडणुकीने बांधलेली संघटना उभारण्याचा आपल्या देशातील पहिला मोठा प्रयोग या संस्थेने केला. आणि त्या प्रयोगातील कित्येक निर्णायक प्रसंग नागपूर, बेळगाव, फैजपूर, वर्धा, नाशिक अशा आपल्या परिचयाच्या ठिकाणी घडले. तेव्हा हा विषय दूरचा नाही, घरचाच आहे.

तीन दिवसांची काँग्रेस

काँग्रेसचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. ते मुळात पुण्यास भरावयाचे होते. पुण्यात पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईस हलविले गेले. त्यास ७२ गृहस्थ हजर होते. हे ७२ जण कोणी निवडून दिले होते? काटेकोरपणे बोलायचे तर कोणीच नाही. ते आपापल्या गावचे वजनदार, शिकलेले, सार्वजनिक कामाची आवड असलेले लोक होते, आणि तेवढी पात्रता त्या काळी पुरेशी मानली गेली.

पुढे प्रतिनिधींची संख्या वाढली. १८८९ च्या मुंबई अधिवेशनास १,८८९ प्रतिनिधी आले. परंतु संख्या वाढली तरी पद्धत फारशी बदलली नाही. एखाद्या शहरात जाहीर सभा भरावी, टाळ्यांच्या गजरात दहावीस नावे मंजूर व्हावीत, आणि त्यांतील ज्यांना प्रवासखर्च परवडेल त्यांनी नाताळच्या सुटीत अधिवेशनास जावे, असा तो मामला होता. तीन दिवस भाषणे व्हावयाची, ठराव व्हावयाचे, मंडप उतरवला जावयाचा. आणि मग पुढच्या नाताळापर्यंत काँग्रेस नावाची वस्तू जवळजवळ अस्तित्वात नसावयाची. चिटणीस तीन असत, परंतु त्यांतील एकच काय तो काम करी आणि तोही पूर्ण वेळ नव्हे, हे निरीक्षण गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नोंदवून ठेवले आहे.

या सैल पद्धतीचा दोष १९०७ साली सुरतेस उघडा पडला. त्या वर्षीचे अधिवेशन नागपुरास ठरले होते. नागपुरात टिळकपक्षाचा जोर दिसला, तेव्हा मवाळ पुढाऱ्यांनी ते सुरतेस नेले. असे का करावे लागले? कारण ज्या गावी अधिवेशन त्या गावचे व आसपासचे प्रतिनिधी सर्वांत अधिक, आणि म्हणून जागा ज्याच्या हाती त्याच्या हाती बहुमत! सुरतेच्या मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस दुभंगली, ही कथा आपणांस ठाऊक आहे. पण त्या गोंधळात एक गोष्ट कोणालाच करता येत नव्हती, ती आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे. देशातील काँग्रेसवाल्यांचे बहुमत जहालांकडे आहे की मवाळांकडे, हे मोजून दाखविण्याचे साधनच नव्हते. सभासदांची यादी नाही, मतदार नाहीत, मतदारसंघ नाहीत. जेथे मोजणी होऊ शकत नाही तेथे भांडण जोड्याने तुटते. पुढच्याच वर्षी मवाळांनी अलाहाबादेस घटना केली. तिने नियम आणले खरे, पण जहालांना दार बंद केले. ते दार १९१६ साली लखनौस उघडले.

नागपूरची घटना

डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरच्या अधिवेशनात नव्या घटनेचा मसुदा करण्याचे काम गांधीजींकडे आले. ते टिळक व चित्तरंजन दास यांना बरोबर घेऊ इच्छीत होते. परंतु या दोघांना सवड मिळणे कठीण होते, म्हणून टिळकांच्या वतीने नरसिंह चिंतामण केळकर आणि दासांच्या वतीने आय. बी. सेन अशी दोन नावे ठरली. या तिघांची समिती एकदाही एकत्र बसू शकली नाही. सारे काम पत्रव्यवहाराने झाले आणि तरी अहवाल एकमताचा झाला! केसरीचे संपादक केळकर आणि गांधीजी यांचे असहकाराच्या बाबतीत पटणारे नव्हते. पण पक्षाची रचना कशी असावी याविषयी दोघांचे एकमत झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कार्यक्रमाविषयी मतभेद असणारी माणसेदेखील कार्यपद्धतीविषयी एकमत करू शकतात. खरे म्हणजे मतभेद असतात म्हणूनच कार्यपद्धतीची गरज असते.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक वारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तेरा वर्षांपूर्वी ज्या नागपुराने अधिवेशन गमावले होते त्याच नागपुरात, सी. विजयराघवाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली ही घटना मंजूर झाली. त्या अधिवेशनास १४,५८२ प्रतिनिधी हजर होते. इतक्या माणसांनी विचार करणे अशक्य, टाळ्या वाजविणे तेवढे शक्य. आणि ही स्थिती पालटणारी घटना त्याच गर्दीने मंजूर करावी, हे विशेष होय.

या घटनेत काय होते? पहिली गोष्ट सभासदत्वाची. एकवीस वर्षांच्या कोणाही स्त्रीपुरुषाने काँग्रेसचे ध्येय व मार्ग लेखी मान्य करावे आणि वर्षाला चार आणे, म्हणजे रुपयाचा चौथा हिस्सा, भरावा. की तो सभासद झाला. शिक्षण, मालमत्ता, जात, यांची अट नाही. याच सुमारास १९१९ च्या कायद्याने सरकारने जो मताधिकार दिला होता तो सारा कर व मालमत्ता यांच्यावर बेतलेला होता, आणि स्त्रियांना तो प्रारंभी नव्हताच. म्हणजे सरकार ज्या बाईला मतदार मानीत नव्हते तिला काँग्रेसने मतदार मानले. ही केवढी क्रांती होती!

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. गाव, तालुका, जिल्हा, प्रांत आणि अखिल भारतीय कमिटी, अशी एकीवर एक चढणारी रचना ठरली. अधिवेशनाचे प्रतिनिधी लोकसंख्येवर ठरले: दर पन्नास हजार वस्तीमागे एक, म्हणजे साऱ्या देशाचे मिळून सुमारे सहा हजार. हा हिशेब वरकरणी रुक्ष दिसतो, पण पक्षाचे गुरुत्वमध्य त्याने हलविले. पुणे शहरात वकील कितीही असोत, त्यांच्या वाट्याला शहराच्या लोकसंख्येइतकेच प्रतिनिधी; आणि सातारा किंवा खानदेश जिल्ह्यात वकील कितीही थोडे असोत, तेथील लोकसंख्येचा वाटा त्या जिल्ह्याला मिळणारच. अधिवेशन कोठेही भरो, बहुमत आता जागेवर अवलंबून राहिले नाही. सुरतेच्या दुखण्यावर हा उतारा होता.

तिसरी गोष्ट भाषेची. सरकारने पाडलेले प्रांत सोडून काँग्रेसने बहुतांशी भाषावार असे एकवीस प्रांत केले. मराठी मुलुखात पुणे हे केंद्र असलेला महाराष्ट्र, मध्यप्रांतातील मराठी भाग म्हणजे नागपूर, आणि वऱ्हाड असे प्रांत झाले. मुंबई शहराची प्रांतिक कमिटी स्वतंत्र राहिली. तालुक्याच्या सभेत इंग्रजी न येणारा शेतकरी बोलू शकावा, यासाठी सभेची भाषा त्याची असावी लागते. भाषावार प्रांत हा त्या वेळी अस्मितेपेक्षा कारभाराचा प्रश्न होता. मुंबईचे वेगळे ताट त्या दिवशी कोणाला खटकले नाही; ते पस्तीस वर्षांनी खटकणार होते.

चौथी गोष्ट शिखराची. अखिल भारतीय कमिटी साडेतीनशे सभासदांची आणि तिने नेमलेली पंधरा जणांची वर्किंग कमिटी, जी वर्षभर काम करील. म्हणजे या घटनेने पाया रुंद केला आणि त्याच वेळी शिखर टोकदार केले. पाया भक्कम असेतोवर हे टोक शोभते आणि उपयोगीही पडते. पाया ठिसूळ झाला तर काय होते, ते पुढे दिसेल.

पायावरची माणसे

घटना कागदावर करणे सोपे. यादी भरणे कठीण. १९२१ च्या मार्चअखेरीस बेझवाड्यास असे ठरले की जूनअखेरपर्यंत एक कोटी सभासद करावेत, टिळक स्वराज्य फंडास एक कोटी रुपये जमवावेत आणि वीस लाख चरखे चालू करावेत. फंडाचा कोट पुरा झाला. सभासदांचा झाला नाही. यात आश्चर्य नाही. फंडाला शेठजी एकदम लाख देऊ शकतो. सभासद होण्यासाठी मात्र माणूस एकेकच यावा लागतो. त्याच्या घरी जाऊन, त्याला समजावून, त्याची सही घेऊन चार आणे मागावे लागतात. पण या फेऱ्यांमुळेच तालुक्यातालुक्यांतून काँग्रेसचे नाव प्रथम पोचले.

१९२४ साली पायावर पहिला घाव बसला, आणि तोही सद्हेतूने. त्या वर्षी बेळगावास गांधीजी अध्यक्ष असताना चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत, ही सभासदत्वाची अट झाली. केवळ पैसे टाकून मोकळे होणाऱ्या सभासदापेक्षा रोज अर्धा तास श्रम करणारा सभासद बरा, असा त्यामागील विचार होता, आणि तो विचार हलका नव्हता. पण परिणाम व्हावयाचा तोच झाला. सभासदांची यादी आटली, आणि १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्यास ही सक्ती सैल करून चार आण्यांची वाट पुन्हा खुली करावी लागली. सभासद कसा असावा याचा आदर्श वरून ठरवून दिला की यादी शुद्ध होण्याऐवजी रिकामी होते, हा धडा येथे मिळाला.

याउलट १९३० च्या कायदेभंगात खालच्या कमिट्यांना वाव मिळाला, तेव्हा काय घडले ते पाहण्यासारखे आहे. मिठाचा कायदा मोडावा ही मूळ कल्पना साबरमतीची. कोकणपट्टीत शिरोड्यास मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला; तेथे समुद्र होता. पण वऱ्हाडात समुद्र कोठून आणावा? अकोला जिल्ह्यातील दहीहंड्यास खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. तेथे लोकांनी त्या पाण्याचे मीठ केले. मात्र हे मीठ प्रतीकापुरतेच होते. वऱ्हाडातील शेतकऱ्याला खरा जाच होता तो जंगलखात्याचा. गवत, सरपण आणि गुरचराई यांवरील निर्बंधांचा. म्हणून १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातील गवत कापून सत्याग्रह केला. सातारा जिल्ह्यात बिळाशीस, नगर जिल्ह्यात संगमनेर भागात, कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ सप्टेंबर रोजी गोळीबार होऊन माणसे पडली. ध्येय वरून आले होते. पण कोणता कायदा आपल्याला बोचतो हे ज्याचे त्याला ठाऊक होते, आणि ते सांगण्याची सोय संघटनेत होती. विकेंद्रित पक्ष म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस सापडत नाही.

तथापि याच लढ्यात दुसरीही एक सवय लागली. कमिट्या बेकायदा ठरल्या, सभा भरविणे अशक्य झाले, तेव्हा प्रत्येक ठिकाणी एक ‘सर्वाधिकारी’ नेमला जाऊ लागला. तो पकडला गेला की त्याने नेमलेला दुसरा. लढाईत याला इलाज नव्हता. पण नेमणुकीची सवय लढाई संपल्याबरोबर सुटतेच असे नाही.

पायावर कोण उभे होते हेही सांगितले पाहिजे. १९३० नंतर केशवराव जेधे आणि काकासाहेब गाडगीळ यांच्या सहकार्याने ब्राह्मणेतर चळवळीतील मोठा वर्ग काँग्रेसमध्ये आला, आणि लोकसंख्येच्या हिशेबाने ग्रामीण महाराष्ट्राला जो वाटा कागदावर होता तो प्रत्यक्षात येऊ लागला. परंतु गावच्या यादीत गावकुसाबाहेरची किती नावे होती, आणि असलीच तर कमिटीवर किती होती, हा प्रश्न उरतोच. काँग्रेसचे नेतृत्व शासक वर्गाच्या हाती आहे, हा डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली आपल्या ग्रंथात केलेला आरोप संघटनेच्या तक्त्याने खोडला जात नाही. दार सर्वांना उघडे असणे ही एक गोष्ट, आणि सर्वांना आत बसावयास जागा मिळणे ही दुसरी.

पावत्यांचा बाजार

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाने घटना बदलली. प्रतिनिधी दोन हजारांवर आणले गेले. त्यांतले १,४८९ ग्रामीण भागाचे आणि ५११ शहरांचे. ग्रामीण भागाला झुकते माप मिळाले, हे चांगलेच झाले. पण दोन बदल दूरगामी ठरले. एक, वर्किंग कमिटी अखिल भारतीय कमिटीने निवडण्याऐवजी अध्यक्षाने नेमावयाची असे ठरले. दुसरा, प्रतिनिधी निव्वळ लोकसंख्येवर न मोजता नोंदविलेल्या सभासदांवर मोजावयाचे, दर पाचशे सभासदांमागे एक, असे ठरले. दुसऱ्या बदलामागील न्याय उघड आहे: जेथे काम आहे तेथे प्रतिनिधित्व. पण पाचशे पावत्या फाडल्या की एक प्रतिनिधी मिळतो, असा भाव एकदा फुटला की पावत्या फाडणारे निघतातच! त्यासाठी पाचशे माणसे मिळवावी लागत नाहीत; पाचशे नावे आणि सव्वाशे रुपये मिळवले की भागते.

१९३५-३६ च्या सुमारास सभासद पाच लाखांच्या आत होते. १९३८-३९ मध्ये ते पंचेचाळीस लाखांवर गेले. मधल्या काळात, १९३७ साली, प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती, हे सांगितले म्हणजे या भरतीचे कारण निराळे सांगावयास नको. त्यांत खरे सभासद पुष्कळ होते. पण खोटी नावे, दुसऱ्याने भरलेले चार आणे, आपण सभासद आहोत हेच ठाऊक नसलेले सभासद, यांविषयी गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रातून वारंवार आणि तीव्र शब्दांत लिहिले. विरोधाभास असा की स्वतः गांधीजी १९३४ पासून काँग्रेसचे चार आण्यांचे सभासदही नव्हते.

याच काळात एक उजळ प्रसंगही घडला. १९३६ च्या एप्रिलात लखनौ अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम ठरविण्यापूर्वी प्रांतिक कमित्यांकडून शिफारशी मागविल्या. म्हणजे आधी खालून विचारावे, मग वर ठरवावे. त्याच वर्षी डिसेंबरात खानदेशातील फैजपूरला, धनाजी नाना चौधरी आदी कार्यकर्त्यांच्या श्रमाने आणि नंदलाल बोस यांनी सजविलेल्या बांबूच्या नगरात, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन पार पडले. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. तेथे शेतसारा, कर्ज, खंड यांविषयीचा कार्यक्रम संमत झाला. पण सर्वच प्रांतांच्या शिफारशी हाती आल्या नव्हत्या, म्हणून तो तात्पुरता ठेवावा लागला. आमच्या मते ही गोष्ट लहान नाही. वरच्याने विचारले नाही ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. विचारले असता खालच्याने वेळेवर उत्तर दिले का, हेही कधी पाहिले पाहिजे.

पुढच्या दोन वर्षांत दोन प्रसंगांनी हे स्पष्ट केले की निर्णयाचे केंद्र आता यादीत राहिले नाही. जुलै १९३८ मध्ये मध्यप्रांताचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी श्रेष्ठींना न विचारता मंत्रिमंडळ मोडून नवे केले. वर्ध्यास वर्किंग कमिटी बसली, डॉ. खरे यांना जावे लागले आणि रविशंकर शुक्ल आले. खरे यांची बाजू घेऊन मराठी पत्रांनी पुष्कळ लिहिले. श्रेष्ठींची बाजूही विचारात घेण्याजोगी होती: परकी गव्हर्नर प्रांतोप्रांती फूट पाडावयास टपलेला असता शिस्त सैल सोडणे धोक्याचे होते. पण मुख्यमंत्री कोणाला जबाबदार, निवडून दिलेल्या आमदारांना की वर्ध्याला, हा प्रश्न तेव्हा जो पडला तो आजवर सुटला नाही.

दुसरा प्रसंग त्रिपुरीचा. जानेवारी १९३९ मध्ये प्रतिनिधींनी प्रत्यक्ष मतदानाने सुभाषचंद्र बोस यांना १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पुन्हा अध्यक्ष निवडले. पराभूत उमेदवार पट्टाभि सीतारामय्या यांस गांधीजींचा पाठिंबा होता. मार्चमध्ये जबलपूरनजीक त्रिपुरीस गोविंद वल्लभ पंतांचा ठराव संमत झाला की अध्यक्षांनी वर्किंग कमिटी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. त्या राजकारणात कोणाचे बरोबर होते, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. घटनेच्या दृष्टीने घडले ते असे: प्रतिनिधींनी ज्याला निवडले त्याला घटनेने दिलेला अधिकार, जो पक्षाचा सभासदही नाही अशा महापुरुषाच्या इच्छेला बांधला गेला, आणि प्रतिनिधींनी तो आपल्याच हाताने बांधला. अधिकार नेहमीच हिसकावून घेतला जातो असे नाही. पुष्कळदा तो भक्तिभावाने वाहिला जातो.

स्वराज्यानंतर

२९ जानेवारी १९४८ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, गांधीजींनी काँग्रेससाठी एक नवी घटना लिहून ठेवली. काँग्रेसने आपले विसर्जन करून लोकसेवक संघ व्हावे, असे तीत होते. पाच प्रौढ स्त्रीपुरुषांची एक पंचायत. शेजारच्या दोन पंचायतींनी मिळून आपल्यातून एक पुढारी निवडावा. शंभर पंचायती झाल्या की त्यांच्या पन्नास पुढाऱ्यांनी वरचा पुढारी निवडावा. पाचशेच्या हिशेबाने पावत्या विकल्या जातात हे पाहिलेल्या माणसाने हिशेब पाचावर आणला, हे लक्षात घ्यावे. पाच माणसांत खोटे नाव घालता येत नाही. पण सत्ता हाती आलेल्या पक्षाने विसर्जनाची सूचना स्वीकारली नाही.

उलट त्याच वर्षी पक्षांतर्गत पक्षांना बंदी झाली. मार्च १९४८ मध्ये नाशिकास समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. जेधे, शंकरराव मोरे आदींचा शेतकरी कामगार पक्षही त्याच सुमारास वेगळा झाला. ज्यांच्यामुळे खालच्या सभांत वादविवाद होत असे ते बाहेर गेले. १९५० साली अध्यक्षपदासाठी खरी निवडणूक झाली: पुरुषोत्तमदास टंडन यांना १,३०६, आचार्य कृपलानी यांना १,०९२ आणि शंकरराव देव यांना २०२ मते पडली. नाशिकला अधिवेशन झाले. वर्षभरातच टंडन पायउतार झाले आणि पंतप्रधान नेहरूंनी अध्यक्षपदही स्वीकारले.

महाराष्ट्रापुरती खरी कसोटी १९५५-५६ साली लागली. भाषावार प्रांत १९२० पासून काँग्रेसने स्वतःच्या घरात मान्य केले होते. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसची मागणी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची होती. पण मुंबई शहराची प्रांतिक कमिटी वेगळी होती आणि स. का. पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिचा कौल उलट होता! १९२० साली सोयीसाठी केलेली वाटणी आता राजकीय पुरावा झाली. श्रेष्ठींनी निर्णय दिला, खालच्यांना तो मान्य करावा लागला, आणि जे पक्षाच्या सभेत बोलता आले नाही ते लोक रस्त्यावर बोलले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. खालचे मत वर पोचविण्याची नळी बुजली की पाणी भिंत फोडून येते, एवढाच त्याचा अर्थ.

यापुढील कथा लवकर सांगता येते. १९६९ साली काँग्रेस फुटली. १९७२ नंतर जवळजवळ वीस वर्षे पक्षात संघटनात्मक निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रांताध्यक्ष दिल्लीहून नेमले जाऊ लागले, आणि आमदारांनी ‘नेता निवडण्याचा अधिकार पक्षाध्यक्षांना’ असा एका ओळीचा ठराव करावा, ही रीत पडली. महाराष्ट्राने १९८० ते १९८६ या सहा वर्षांत पाच मुख्यमंत्री पाहिले. १९८५ साली मुंबईस पक्षाची शताब्दी झाली तेव्हा खुद्द अध्यक्ष राजीव गांधी यांनी सत्तेच्या दलालांवर कडक टीका केली. १९९२ साली तिरुपतीच्या अधिवेशनापूर्वी निवडणुका झाल्या. १९९७, २००० आणि २०२२ साली अध्यक्षपदासाठी मतदान झाले. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली.

हा दोष एकाच पक्षाचा मानणे अन्यायाचे होईल. बहुतेक पक्षांचे तक्ते आज कागदावर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत आणि व्यवहारात नेमणुकीचे. १९८९ पासून पक्षांची नोंदणी कायद्याने होते. पण पक्षाने आपल्या घरात खऱ्या निवडणुका घ्याव्यात, अशी स्पष्ट सक्ती त्या कायद्यात नाही. १९९९ साली विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात तशी शिफारस केली होती.

निष्कर्ष

या साऱ्या इतिहासातून आम्हांस एक गोष्ट दिसते. विकेंद्रीकरण हे तक्त्यात नसते, यादीत असते. नागपूरची घटना उत्तम होती, कारण तिने प्रत्येक पायरीवर मोजता येण्याजोगा माणूस उभा केला. जेव्हा तो माणूस खरा होता तेव्हा दहीहंड्याच्या विहिरीचे मीठ झाले आणि पुसदचे गवत कापले गेले. जेव्हा त्याच्याऐवजी नुसती पावती उभी राहिली, तेव्हा वरच्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले तर नवल नाही. पावतीला मत नसते. श्रेष्ठींचे वर्चस्व हे दुखण्याचे एक लक्षण. दुखणे खालच्या नोंदवहीत सुरू होते.

म्हणून श्रोत्यांपैकी जे कोणी कोणत्याही पक्षाचे सभासद असतील, त्यांना आमची एवढीच विनंती आहे की त्यांनी आपल्या शाखेत जाऊन तीन प्रश्न विचारावेत. सभासदांची यादी कोठे आहे, आणि तीतील माणसे आपण सभासद आहोत हे जाणतात काय? शाखेची शेवटची निवडणूक कधी झाली? आणि गेल्या वर्षभरात या शाखेतून वर गेलेल्या कोणत्या एका सूचनेवर वरून उत्तर आले? या प्रश्नांना लागणारे धैर्य फार मोठे नाही. आणि ते विचारण्याचा अधिकार तर १९२० सालीच नागपुरात चार आण्यांना मिळालेला आहे.